अर्भकाचे आतडे आणि गाईचे दूध

गाईचे दूध हे पूर्णान्न आहे, ही समजूत आपल्या ग्रामीण जीवनात खोलवर रुजलेली आहे. मोठ्या माणसांपुरती ती बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु शहाद्याजवळील लोणखेड्यासारख्या गावात काय किंवा सातपुड्यातील पाड्यावर काय, नवजात बालकास याच समजुतीने गाईचे दूध पाजले जाते, तेव्हा त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

जन्मानंतर अर्भकाच्या आतड्यात सूक्ष्मजीवांची वस्ती झपाट्याने वाढू लागते. हे सर्वच जंतू अपायकारक नसतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी टिसिए यांनी 1899 च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बालकांच्या मळात एक विशिष्ट जंतू शोधून काढला. त्यास आज ‘बिफिडोबॅक्टेरियम’ या नावाने ओळखतात. मातेच्या दुधात अशा काही शर्करा असतात, की ज्या बालकाला स्वतःला पचत नाहीत. त्या या उपकारक जंतूंचे अन्न होत. त्या खाऊन हे जंतू आम्ले निर्माण करतात आणि या आम्लांमुळे रोगकारक जंतूंची वाढ रोखली जाते. गाईच्या दुधात या शर्करा अत्यल्प असतात. मातेच्या दुधातून, विशेषतः पहिल्या चिकातून, मिळणारी संरक्षक द्रव्येही बाळाला अन्यत्र मिळत नाहीत.

कच्च्या दुधात आचळ, शेण, हात व भांडी यांवाटे जंतू शिरतात. क्षय व ब्रुसेला यांचे जंतू आजारी जनावराच्या दुधातूनही येऊ शकतात. उबदार हवेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे चार तासांत चार हजारांहून अधिक जंतू होतात. त्यात अशुद्ध पाणी मिसळले व न उकळलेली बाटली वापरली, की हगवणीस आमंत्रणच मिळते. वारंवार हगवण झाली की बालकाचे वजन घटते, वजन घटले की प्रतिकारशक्ती खालावते आणि पुन्हा हगवण होते. कुपोषणाचे हे दुष्टचक्र होय.

दूध उकळल्याने रोगजंतू मरतात. म्हणून मोठ्यांनीही ते उकळूनच प्यावे. तथापि उकळल्यामुळे ते अर्भकास योग्य ठरत नाही. त्यातील प्रथिने मातेच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतात. त्यांचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. लोह कमी असते आणि काही बालकांच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपून रक्तक्षय होतो.

मातेचे दूध उपलब्ध नसेल तर काय करावे? मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांचे दूध 62.5 अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून ते अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिले जाते. गावपातळीवर अशा प्रसंगी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्वमताने पावडर वा पातळ दूध सुरू करू नये. बाळाच्या दुधाच्या पर्यायांच्या व दूधबाटल्यांच्या जाहिरातीस 1992 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

जन्मल्यापासून तासाभरात स्तनपान, सहा महिने केवळ मातेचे दूध, पाणी किंवा घुटीदेखील नाही, त्यानंतर मऊ घरगुती अन्नासह दोन वर्षांपर्यंत वा अधिक काळ स्तनपान आणि वर्षानंतरच पिण्यास गाईचे उकळलेले दूध, हा क्रम सोपा व बिनखर्चाचा आहे. हगवण झाल्यास स्तनपान थांबवू नये. क्षारसंजीवनी व डॉक्टरी सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या द्याव्यात.

मात्र मातेला शेतातील कामातून सवड व पोटभर आहार मिळाला, तरच हा क्रम पाळला जाईल. पाण्याचे शुद्धीकरण नियमित होते की नाही, अंगणवाडीतून स्तनदा मातांना आहार पोहोचतो की नाही, हे पाहणे पंचायत सदस्यांच्या हाती आहे. शिक्षकांनी हा विषय पालकसभेत मांडावा. घरातील सासूबाई व आजीबाई यांना तो पटला, तर निम्मे काम झालेच म्हणून समजावे.