‘मीम’, ‘ला’ आणि इंग्रजीतला स्वल्पविराम

मकतबात कुरआन वाचायला शिकताना उस्ताद मुलांना थांबण्याच्या खुणा समजावतात. ‘मीम’ दिसला की थांबायचेच. आयतीच्या मध्ये ‘ला’ दिसला तर थांबायचे नाही. चुकीच्या जागी थांबले तर अर्थ बदलतो, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तीच मुले मोठेपणी इंग्रजीत नोकरीचा अर्ज लिहितात, तेव्हा मात्र विरामचिन्हे मीठ भुरभुरावे तशी टाकतात.

एका स्वल्पविरामाची किंमत किती? अमेरिकेतील मेन राज्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे वेगळे काम, की पॅकिंगचाच भाग? ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक वितरण करत, पॅकिंग नव्हे. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने या संदिग्धतेचा फायदा चालकांना दिला. २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आपल्या रोजच्या चुका साध्या असतात. ‘इट्स’मधली वरची खूण, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे वाचता आले तरच द्यावी; ‘त्याचे’ या अर्थी देऊ नये. ‘फोटोज’सारख्या अनेकवचनातही ती लागत नाही. स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडू नये, नंतर सोडावी. ‘आय ॲम इल’ आणि ‘आय कान्ट कम’ ही दोन पूर्ण वाक्ये आहेत. त्यांना नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नये. पूर्णविराम द्यावा, नाहीतर मध्ये ‘सो’ घालावा. ‘थँक यू, सर’ लिहिताना संबोधनाआधी स्वल्पविराम हवा. अर्जात उद्गारचिन्हांची रांग तर नकोच.

एक चूक दुकानदार भाऊंनी विशेष जपावी. शब्द ठसठशीत दिसावा म्हणून इंग्रजी पाटीवर ‘हलाल’ला अवतरणचिन्हे देतात. इंग्रजीत एकट्या शब्दाभोवतीची अशी चिन्हे बहुधा ‘म्हणे’, ‘तथाकथित’ असे सुचवतात. खात्री द्यायला लावलेली पाटीच शंका उभी करते! त्यापेक्षा अक्षर मोठे काढावे.

मुलांनी अर्ज लिहिला की पाठवण्याआधी तो अम्मी-अब्बांना मोठ्याने वाचून दाखवावा. इंग्रजी येत नसले तरी मूल कुठे अडखळले, ते त्यांना नक्की कळेल. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.