हनुवटी लहान? स्वभाव नको, दात पाहा!

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दोन प्रकारची चित्रे आहेत. पहिली सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची. माणसाच्या चेहऱ्याशेजारी पशुपक्ष्यांची तोंडे काढून त्यांवरून स्वभाव ताडणारी! दुसरी दुसऱ्या सरफोजी राजांच्या (राज्यकाल १७९८ ते १८३२) काळातील नेत्ररुग्णांची. त्यांत रोगट डोळ्याच्या चित्रासोबत उपचारांची नोंद आहे.

मुलाची हनुवटी लहान दिसली की आपण पहिल्याच वाटेने जातो. ‘किती भित्रा दिसतो’, असा शेरा नातेवाईक सहज मारतात. वास्तविक हनुवटीचा स्वभावाशी काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो दातांच्या जुळणीशी.

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढांवरून या जुळणीचे तीन वर्ग पाडले. खालचा जबडा लहान असला, की बहुधा खालची दाढ मागे राहते. हा दुसरा वर्ग. यात अनेकांचे वरचे पुढचे दात बाहेर येतात आणि खालचा ओठ त्यांच्यामागे अडकतो. असे दात पडल्या-झडल्यावर लवकर तुटतात. काहींचे मधले दात उलट आत कलतात व खालच्या दातांना झाकून टाकतात. कधी खालचे दात टाळूला टोचतात. जबडा खाली-मागे वळून वाढला असेल, तर दाढा मिटूनही पुढे फट राहते आणि पोळीचा घास पुढच्या दातांनी तुटत नाही.

कारण अनेकदा आनुवंशिक असते. पण लहानपणी हनुवटीवर पडल्याने कानाजवळचा सांधा आखडला, तरी जबड्याची वाढ खुंटते. म्हणून अशा मारानंतर तोंड कमी उघडू लागले, तर थांबू नका. तान्ह्या बाळाचा जबडा फार लहान असेल आणि दूध पिताना किंवा झोपेत श्वास अडत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

एरवी साधारण सातव्या वर्षी दंतवैद्यांना एकदा दाखवावे. वाढीच्या भरात, म्हणजे वयात येताना, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी साधने लावता येतात. त्यांनी दातांची जुळणी सुधारते. वाढ थांबल्यावर मोठा फरक असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. मुलींची वाढ मुलांच्या आधी होते, हे आईवडिलांनी विसरू नये. ‘लग्नाच्या वेळी पाहू’ म्हणत बसलात, तर सोपा उपाय हातचा जाईल.