एक गाणे हळू, एक गाणे मोठे : असे का?

सायंकाळी दुकान वाढवून मंडळी घरी येतात. निवांत बसावे आणि मोबाईलवर जुन्या-नव्या गाण्यांची यादी लावावी, हा अनेक कुटुंबांचा नित्यक्रम झाला आहे. पहिले गाणे १९५० च्या दशकातील, मंद सुरांचे. ते नीट ऐकू यावे म्हणून आवाज थोडा वाढवला जातो. ते संपते न संपते तोच एखादे अलीकडचे चित्रपटगीत असे अंगावर येते की आतल्या खोलीतून आजींची हाक येते, ‘अरे, आवाज कमी करा!’ स्पीकर तोच, खोली तीच, आवाजाची कळही कोणी हलवलेली नाही. मग हा फरक आला कोठून?

पुष्कळांचा समज असा की जुनी यंत्रे कमकुवत होती, म्हणून जुनी गाणी हळू ऐकू येतात. हे पूर्ण खरे नाही. आवाजाची पातळी बहुतांशी ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या टप्प्यात माणसांनी जाणीवपूर्वक ठरवलेली असते. त्या टप्प्याला मास्टरिंग म्हणतात.

अखेरचा संस्कार

स्टुडिओत गायक आणि वादक यांचे आवाज बहुधा वेगवेगळे मुद्रित केले जातात. त्यांचा परस्परांशी मेळ घालणे म्हणजे मिक्सिंग. त्यानंतर वर्षअखेरीस सर्व खाती तपासून ताळेबंद तयार करावा, तसे मास्टरिंगचे काम असते. खर्ज व तार स्वरांचा तोल पाहणे, संग्रहातील गाणी एकमेकांशी जुळती करणे, दोन गाण्यांमधील अंतर ठरवणे आणि शेवटी संपूर्ण ध्वनिमुद्रणाची पातळी निश्चित करणे, ही त्याची अंगे होत.

पूर्वी हे काम ध्वनिफितीवरील संगीत तबकडीवर उतरवण्याचे होते. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटांचे संगीत मावत असे. आवाज मोठा असेल तर तबकडीवरील खाच अधिक रुंद हेलकावे घेते आणि अधिक जागा खाते. म्हणजे आवाज वाढवला की वेळ कमी होई, आणि फारच वाढवला तर सुई खाचेतून उडण्याचे भय असे. वस्तूलाच मर्यादा होती, त्यामुळे हातालाही मर्यादा राहिली.

तरीही चढाओढ तेव्हाच सुरू झाली होती. अमेरिकेतील उपाहारगृहांत नाणे टाकून गाणे ऐकण्याची ज्यूकबॉक्स यंत्रे असत. यंत्राचा आवाज एकाच पातळीवर ठेवलेला असल्याने जी तबकडी मुळातच मोठ्या आवाजात कोरलेली असे, ती गिऱ्हाइकाचे लक्ष वेधून घेई. भाजीबाजारात एका विक्रेत्याने आवाज चढवला की शेजाऱ्याला चढवावाच लागतो, तसाच हा प्रकार होता.

कानाची फसगत

या चढाओढीच्या मुळाशी आपल्या कानाचा एक स्वभाव आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात मनुष्याच्या कानाला खर्जाचे आणि अतितार स्वर मधल्या स्वरांच्या मानाने कमी ऐकू येतात. आवाज वाढला की हे दोन्ही टोकांचे स्वर भरून येतात आणि संगीत अधिक भरदार वाटते. त्यामुळे एकच गाणे किंचित मोठ्या आवाजात ऐकवले, तर ऐकणारा ‘हे मोठे आहे’ असे न म्हणता ‘हे चांगले आहे’ असे म्हणतो. स्पीकर खरेदी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोन स्पीकरांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरावा. अन्यथा निवड गुणाची न होता केवळ आवाजाची होते.

मापावरची शीग

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, विक्रीस आली. तिच्यावर ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवला जातो. प्रत्येक क्षणाच्या ध्वनीसाठी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी नोंदवली जाते. सर्वांत वरच्या पायरीच्या पलीकडे काहीही नाही. ते छत आहे. अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांच्यात सीडी तत्त्वतः सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखू शकते. तबकडीपेक्षा हे अंतर बरेच अधिक आहे. सुरुवातीच्या सीडींवर तंत्रज्ञ बहुधा छताखाली मोकळी जागा राखून ठेवत. त्या काळात सीडीवर उतरवलेली गाणी आज हळू वाटतात, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण.

पुढे ही मोकळी जागा वापरून टाकण्याची युक्ती निघाली. संगीतात तबल्याची थाप, ढोलाचा ठोका, गायकाची एखादी पुकार असे क्षण उंच शिखरासारखे असतात. उरलेले संगीत त्यांच्या पुष्कळ खाली वाहते. छताला आधी ही शिखरे लागतात. धान्याचे माप भरताना वर आलेली शीग फळीने सपाट करावी, तशी ही शिखरे लिमिटर नावाचे साधन सपाट करते. शिखरे सहा डेसिबलने खाली आणली की संपूर्ण गाणे सहा डेसिबलने वर उचलता येते. इस्रायलमधील वेव्हज कंपनीने १९९४ मध्ये एल-वन हे संगणकावर चालणारे लिमिटर आणले. पुढे येणारे शिखर क्षणभर आधीच ओळखून ते दाबणाऱ्या अशा साधनांमुळे हे काम अतिशय सोपे झाले.

थोड्या प्रमाणात ही क्रिया उपकारकच असते. मोटारीत किंवा मिक्सर चालू असलेल्या स्वयंपाकघरात अगदी हळू स्वर ऐकूच येत नाहीत; तेथे थोडा दाब दिलेले संगीत सोयीचे पडते. प्रश्न प्रमाणाचा आहे. शीग पुनःपुन्हा काढत गेले की हळू आणि मोठा हा भेदच नाहीसा होतो. थापेतील धार बोथट होते, आवाज कर्कश होतो आणि काही वेळाने नेमके कारण न कळता ऐकणारा थकतो.

२००८ चा प्रसंग

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील मेटॅलिका या प्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ खेळासाठीही उपलब्ध झाली होती. श्रोत्यांच्या लक्षात आले की खेळातील गाणी अधिक मोकळी आणि स्वच्छ ऐकू येतात; सीडीवरील आवाज मात्र दाबलेला आणि फाटलेला आहे. एकाच संगीताची दोन मापे लोकांच्या हाती पडली होती, त्यामुळे तुलना सोपी झाली. संग्रह नव्याने मिश्रित करावा, अशा मागणीपत्रावर हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. ध्वनिमुद्रण आपल्या हाती आले तेव्हाच ते दाबलेले होते, असे मास्टरिंग करणाऱ्या तंत्रज्ञाने कळवले. तरीही हा संग्रह अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे हा दोष विक्रीच्या आकड्यांत दिसून आला नाही.

कॅनडातील रश या वाद्यवृंदाने मात्र चूक दुरुस्त केली. त्यांच्या २००२ मधील ‘व्हेपर ट्रेल्स’ या संग्रहाच्या आवाजाविषयी अशाच तक्रारी होत्या. २०१३ मध्ये तो संपूर्ण संग्रह नव्याने मिश्रित होऊन पुन्हा प्रसिद्ध झाला. मूळ मुद्रण जपून ठेवले होते, म्हणूनच हे शक्य झाले. एकदा छाटलेले शिखर विकलेल्या सीडीतून परत मिळवता येत नाही.

नवे माप

या स्पर्धेला उपाय सापडला तो मापातच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये आवाजाचा ठळकपणा मोजण्याची पद्धत ठरवून दिली. ती केवळ शिखर न पाहता कानाला जाणवणारी सरासरी मोजते. तिचे एकक एलयूएफएस. या आधारावर युरोपीय प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये उणे २३ ही पातळी निश्चित केली. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील जाहिराती कार्यक्रमांपेक्षा मोठ्याने वाजवू नयेत असा कायदा २०१० मध्ये झाला आणि तो डिसेंबर २०१२ पासून अमलात आला.

आता इंटरनेटवरून संगीत ऐकवणाऱ्या सेवाही हेच करतात. स्पॉटिफाय आपली गाणी साधारणपणे उणे १४ या पातळीवर आणून वाजवते. दाबून मोठे केलेले गाणे तेथे आपोआप खाली उतरवले जाते. मग त्याची शिखरे आधीच छाटलेली असल्याने ते शेजारच्या मोकळ्या गाण्यापेक्षा सपाट आणि निर्जीव वाटते. ओरडण्याचा लाभच उरत नाही.

घरातील मोबाईलवर ही सोय चालू आहे की नाही, ते एकदा पाहून घ्यावे. स्पॉटिफायमध्ये तिचे नाव ऑडिओ नॉर्मलायझेशन, तर ॲपलच्या संगीतसेवेत साउंड चेक असे आहे. ती चालू असली की प्रत्येक गाण्याला कळ फिरवावी लागत नाही.

ही काळजी कानांच्या आरोग्यासाठीही हितकारक आहे. कानावरचा भार आवाजाची पातळी आणि ऐकण्याचा काळ या दोहोंच्या हिशेबाने ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित समजला जातो. ९० डेसिबलला मात्र केवळ ४ तास. हळू गाण्यासाठी वाढवलेली कळ पुढच्या गाण्याला तशीच राहिली, तर कानात हेडफोन घालून बसलेल्या मुलाच्या खाती हा खर्च नकळत जमा होत राहतो, आणि अति आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आवाज मोठा हवा असेल, तर त्यासाठी कळ ऐकणाऱ्याच्या हाती आहेच. तंत्रज्ञाने गाण्यातील चढ-उतार तेवढे शाबूत ठेवावेत. किती मोठ्याने ऐकायचे ते घरातील मंडळी ठरवतील, आणि आतल्या खोलीतील आजीही.