दाताच्या डॉक्टरांची भीती : कारणे आणि उपाय

दात दुखू लागला की मनुष्य रात्र रात्र जागून काढतो. गालाला फडके बांधतो, लवंग चघळतो, कोणी दाढेखाली तंबाखूची गोळी धरतो, तर कोणी मिश्री लावून ठणका मारतो. सकाळी कळ थोडी थांबली की “आता बरे आहे” म्हणून कामाला निघून जातो. दवाखाना मात्र राहून जातो. पैशांची अडचण, रजेची अडचण ही कारणे खरीच आहेत. परंतु पुष्कळदा त्यांच्या आड एक तिसरे कारण लपलेले असते आणि ते आपण कोणाजवळ बोलत नाही. ते कारण म्हणजे भीती.

दंतवैद्यकाचा व्यवसाय करताना ही भीती मी रोज पाहतो. एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. भर सभेत न डगमगता बोलणारे गृहस्थ. पण खुर्चीजवळ येताच त्यांचे हातपाय गार पडले. हळूहळू बोलते केल्यावर म्हणाले, “डॉक्टर, लहानपणी एका शिबिरात दाढ पुरती बधिर होण्याआधीच ओढून काढली. त्यानंतर तीस वर्षे मी ही पायरी चढलो नाही.” त्या तीस वर्षांत त्यांच्या चार दाढांची नुसती मुळे उरली होती आणि तंबाखू धरण्याच्या जागी गालाच्या आत एक पांढरा चट्टा उमटला होता. चट्ट्याचा तुकडा तपासणीला पाठवला. सुदैवाने कर्करोग निघाला नाही. परंतु प्रत्येकाच्या वाट्याला असे सुदैव येतेच असे नाही. म्हणून हा विषय नुसता दातांचा नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

भीती का वाटते ?

पहिले कारण म्हणजे पूर्वीचा वाईट अनुभव. दुसरे कारण म्हणजे ऐकीव गोष्टी. “वरचा दात काढला की डोळे जातात” हा समज अजूनही घरोघरी ऐकू येतो. त्यात तथ्य नाही. दातांच्या आणि डोळ्यांच्या नसा वेगळ्या आहेत. दात काढल्याने दृष्टी अधू होत नाही. वय वाढले की दातही पडतात आणि नजरही कमी होते, म्हणून लोकांनी दोहोंची सांगड घातली इतकेच.

तिसरे कारण आपण स्वतःच निर्माण करतो. मूल हट्ट करू लागले की आई किंवा आजी म्हणते, “गप्प बस, नाहीतर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन.” पुढे खरोखरच डॉक्टरांकडे जायची वेळ आली की ते मूल शिक्षेलाच चालले आहे असे समजते. त्याचा काय दोष ?

भीतीचे दुष्टचक्र

भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन हे द्रव्य वाढते. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, घाम सुटतो आणि थोडीशी कळही मोठी भासते. मनुष्य घाबरून उपचार लांबवतो. लांबवल्यामुळे कीड दाताच्या आतील नसेपर्यंत पोहोचते, मुळाशी पू होतो. आता येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. पू आणि सूज असलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि त्यामुळे बधिर करण्याच्या औषधाचा गुण नीट येत नाही. म्हणजे जो भीतीने उशीर करतो, त्यालाच इंजेक्शन कमी लागू पडते, त्यालाच जास्त दुखते आणि त्याचीच भीती दुणावते. हे चक्र तोडायचे असेल तर दात फार दुखू लागण्यापूर्वी जाणे हाच पहिला उपाय होय.

आपली भीती किती, हे कसे मोजावे ?

१९६९ साली नॉर्मन कोराह या अमेरिकन संशोधकांनी ही भीती मोजण्यासाठी चार प्रश्नांची एक पट्टी तयार केली. १९९५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी त्यात इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला. ती पट्टी आज अनेक देशांत वापरतात. विद्यार्थ्यांनीही ती स्वतःवर करून पाहावी. पुढील पाच प्रसंगी किती भीती वाटते ते मनाशी ठरवावे : उद्या दवाखान्यात जायचे आहे, बाहेरच्या बाकावर नंबराची वाट पाहत आहोत, दात यंत्राने कोरला जाणार आहे, दात खरवडून साफ केले जाणार आहेत, हिरडीत इंजेक्शन दिले जाणार आहे. मुळीच भीती नसेल तर १ गुण, अतिशय असेल तर ५ गुण. पाचही गुणांची बेरीज करावी. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र आहे असे समजावे आणि ती गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. ताप किती आहे हे आपण सांगतो, तशीच भीती किती आहे हेही सांगावे.

औषधाविना होणारे उपाय

बहुसंख्य लोकांना गुंगीच्या औषधाची गरजच पडत नाही. पुढील साध्या गोष्टींनी काम भागते.

पहिली भेट फक्त बोलण्यासाठी आणि तपासणीसाठी ठेवावी. शक्य तो सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर काळजी करत बसावे लागत नाही. डॉक्टरांशी खूण ठरवून घ्यावी : डावा हात वर केला की काम थांबवायचे. थांबवणे आपल्या हातात आहे एवढ्या जाणिवेनेच निम्मी भीती जाते. खुर्चीत असताना श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा.

इंजेक्शनविषयी थोडे. पूर्वी यासाठी कोकेन वापरीत. १९०५ साली प्रोकेन आले आणि १९४८ पासून लिग्नोकेन बाजारात आले. आज आपल्याकडे मुख्यतः तेच वापरतात. टोचण्यापूर्वी हिरडीवर बधिर करणारा मलम एक-दोन मिनिटे लावून ठेवला आणि औषध अगदी सावकाश सोडले तर सुई फारशी जाणवत नाही. या औषधात बहुधा थोडे ॲड्रिनलिन मिसळलेले असते. त्यामुळे काहींची छाती एक-दोन मिनिटे धडधडते. ती सहसा आपोआप थांबते. तेवढ्यावरून “मला इंजेक्शन सोसत नाही” असा समज करून घेऊ नये. मात्र हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा असेल किंवा कोणतेही औषध चालू असेल तर ते अगोदर सांगावे.

गुंगीचे प्रकार

एवढ्यानेही भागत नसेल तर गुंगीच्या औषधांचा विचार करता येतो. ती चढत्या क्रमाने अशी आहेत.

पहिला प्रकार नायट्रस ऑक्साइड वायूचा. यालाच लोक हास्यवायू म्हणतात. याचा इतिहास दंतवैद्यकाशीच निगडित आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये या वायूचा एक करमणुकीचा प्रयोग पाहिला. वायू घेतलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला ती जाणवली नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्स यांनी स्वतः तो वायू घेतला आणि आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. रुग्णाच्या वेदनेचा विचार करून स्वतःवर प्रयोग करणाऱ्या या माणसाचे ऋण आपण मानले पाहिजे. आज हा वायू प्राणवायूत मिसळून नाकावरच्या लहानशा मुखवट्यातून देतात. प्रमाण हळूहळू वाढवतात आणि यंत्रात प्राणवायू ठरावीक मर्यादेखाली जाऊ नये अशी सोय असते. रुग्ण जागा असतो, बोलतो, सांगितलेले ऐकतो. फक्त अंग हलके वाटते आणि धास्ती उतरते. काम संपल्यावर काही मिनिटे नुसता प्राणवायू दिला की गुंगी उतरते. मुलांसाठी हा फार सोयीचा प्रकार आहे. नाक चोंदलेले असल्यास, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, तसेच फुप्फुसाचे काही आजार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास तो टाळतात. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. जवळच्या दंत महाविद्यालयातील मुलांच्या विभागात चौकशी करावी.

दुसरा प्रकार तोंडावाटे घेण्याच्या औषधाचा. मोठ्यांना डायझेपामसारखी गोळी, मुलांना बहुधा मिडाझोलम हे द्रवरूप औषध देतात. हे वापरायला सोपे, पण एकदा पोटात गेले की कमी-जास्त करता येत नाही. मुलांची मात्रा वजनावरून ठरते. म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी मोडून मुलाला देणे हा जीवाशी खेळ आहे. तसेच धीर यावा म्हणून दारू घेऊन येणारे काही जण असतात. दारू आणि गुंगीचे औषध एकत्र आले तर श्वास मंदावू शकतो. तेव्हा हे कदापि करू नये.

तिसरा प्रकार शिरेतून औषध देण्याचा. हा मुख्यतः मोठ्यांसाठी असतो. औषध थोडे थोडे देऊन परिणाम पाहता येतो, आणि पुष्कळांना नंतर त्या वेळचे फारसे आठवतही नाही. यासाठी प्रशिक्षित डॉक्टर किंवा भूलतज्ज्ञ हवाच.

चौथा प्रकार पूर्ण भूल. यात रुग्ण बेशुद्ध असतो. अगदी लहान मूल आणि अनेक दात किडलेले, मतिमंदत्व किंवा अपंगत्वामुळे सहकार्य करू न शकणारी व्यक्ती, किंवा मोठी शस्त्रक्रिया, अशा वेळीच ती देतात. ब्रिटनमध्ये पूर्वी दाताच्या साध्या दवाखान्यातही पूर्ण भूल देत. त्यातून मृत्यू घडल्यामुळे २००१ सालच्या अखेरीपासून ती केवळ रुग्णालयातच द्यावी असा दंडक तेथे आला. आपणही हाच नियम पाळावा हे शहाणपणाचे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या तीन प्रकारांत गुंगीच्या औषधाने भीती कमी होते. दात बधिर करण्याचे इंजेक्शन त्याबरोबर लागतेच.

संमती देण्यापूर्वी काय विचारावे ?

पालकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. औषध कोण देणार, आणि दात करणाऱ्या डॉक्टरांखेरीज मुलाकडे लक्ष ठेवायला दुसरे प्रशिक्षित माणूस असेल का ? बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, प्राणवायू आणि तातडीची औषधे हाताशी आहेत का ? याहून सौम्य उपाय चालेल का ? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर या प्रश्नांचे स्वागतच करतो.

उपाशीपोटाचा नियम काटेकोर पाळावा. पूर्ण भूल किंवा गाढ गुंगी असेल तर सर्वसाधारणपणे हलके अन्न अथवा वरचे दूध ६ तास, अंगावरचे दूध ४ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद करतात. “पोर उपाशी आहे, एक बिस्कीट दिले तर काय होते” असा विचार करू नये. गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. चुकून दिले असेल तर लपवू नये, सरळ सांगावे.

तोंडावाटे किंवा शिरेतून गुंगीचे औषध घेतल्यावर सोबत मोठे माणूस असल्याशिवाय घरी जाऊ नये. त्यानंतर २४ तास गाडी चालवू नये, यंत्रावर काम करू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. लहान मूल परतताना गाडीत झोपले तर त्याची मान पुढे पडू देऊ नये. आणि ओठ बधिर असेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, ते ओठ चावून घेणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

मुलांसाठी घरात काय करावे ?

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मुलाला एकदा दाखवून आणावे. काही दुखत नसताना. डॉक्टर आधी सांगतात, मग आरसा-ब्रश दाखवतात, मग करतात. या पद्धतीने मुलाची ओळख होते. “अजिबात दुखणार नाही” असे खोटे वचन देऊ नये. एकदा फसलेले मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही. “थोडे टोचल्यासारखे वाटेल, मी जवळ आहे” एवढे पुरे. “दुधाचे दात, पडणारच” म्हणून दुर्लक्षही करू नये. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, आणि सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ कायमची असते.

शेवटी पुन्हा त्या शिक्षकांकडे येतो. त्यांना ना वायू लागला, ना गोळी. तीन भेटी नुसत्या बोलण्यात आणि तपासणीत गेल्या. चौथ्या भेटीत पहिले मूळ निघाले. त्यांनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा मी थांबलो. जाताना म्हणाले, “कोणी थांबेल असे वाटले असते तर तीस वर्षांपूर्वीच आलो असतो.” तंबाखूही त्यांनी सोडली आहे.

सभासद बंधु-भगिनींना आणि विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती. तोंडातील जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, दाढ अधूनमधून ठणकत असेल, तर भीतीपायी दिवस घालवू नका. दवाखान्यात पाऊल टाकताच पहिले वाक्य हेच बोला : “डॉक्टर, मला भीती वाटते.” उपचार त्या वाक्यापासूनच सुरू होतो.