कालियाचा डोह आणि परदेशी ड्रॅगन

‘ड्रॅगन’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. कोणी त्याला अजगर म्हणतो, कोणी पंखांचा साप म्हणतो, आणि कोणी नुसते ‘राक्षस’ म्हणून वेळ मारून नेतो. असे असूनही खेड्यातल्या एखाद्या चौथीतल्या पोराला विचारा. ड्रॅगन कसा असतो ते तो हातवारे करून सांगेल, कारण दूरचित्रवाणीवर हिंदीत बोलणारे परदेशी ड्रॅगनपट त्याने पाहिलेले असतात. त्यांपैकी पुष्कळसे बेताच्या खर्चात काढलेले. एखादा पडका किल्ला, चिलखत घातलेले पाचसहा शिपाई, भरपूर धूर आणि संगणकावर चितारलेला एक आग ओकणारा प्राणी, एवढ्या भांडवलावर युरोपातले मध्ययुग उभे केलेले असते. शिपाई रानात हिंडतात, प्राण्याची शिकार करतात, आणि चित्रपट संपतो.

हे पाहून आपण म्हणतो, ‘छे, खोटे वाटते बुवा.’ आणि लगेच कारणही सांगून टाकतो, की पैसा कमी पडला असेल. मला हे कारण पटत नाही. शंभर वर्षांमागे आपल्याच नाशकात एका माणसाने याहून तुटपुंज्या साधनांनी एका महासर्पाची कथा पडद्यावर आणली, आणि ती लोकांना खरी वाटली. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आणि तो चित्रपट म्हणजे १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’.

पण त्याआधी मूळ गोष्टींकडे वळू. युरोपात संत जॉर्जची कथा प्रसिद्ध आहे. एका नगराजवळ तळे होते, त्यात ड्रॅगन राहत असे आणि त्याच्या विषारी श्वासाने माणसे मरत. नगराने आधी मेंढ्या दिल्या. मेंढ्या संपल्यावर चिठ्ठ्या टाकून घरचीच मुले द्यावी लागली, आणि एके दिवशी चिठ्ठी राजकन्येच्या नावाची निघाली. तेव्हा जॉर्ज भाला घेऊन आला. म्हणजे पाहा, खरी गोष्ट त्या प्राण्याची नाहीच. आज कोणाच्या घरची चिठ्ठी निघेल, या धास्तीत जगणाऱ्या गावाची ती गोष्ट आहे. आपल्या बकासुराच्या कथेतही पाळी आलेल्या घरातले रडणे आधी येते आणि भीम मागाहून येतो.

कालियाची कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे, आणि तीही पाणवठ्याचीच. यमुनेच्या डोहात कालिया येऊन राहिला, पाणी नासले, ते पिऊन गाई आणि गुराखी पोरे कोसळली. ज्याच्या गावची एकुलती एक विहीर कधी बिघडली असेल त्याला यातले भय वेगळे समजावून सांगायला नको. एक फरक मात्र मोठा आहे. जॉर्जने ड्रॅगन मारला, कृष्णाने कालियाला मारले नाही. नागपत्नींनी हात जोडले, तेव्हा त्याने कालियाला रमणक द्वीपावर परत जायला सांगितले. तो तिथून गरुडाच्या भीतीने पळून आला होता. आता फणीवर कृष्णाच्या पावलांची खूण होती, म्हणून गरुडाचेही भय उरले नाही. नाग नदीच्या काठी वसलेल्या आपल्या नागपुरात, जिथे नागपंचमीला नागाची पूजा होते, तिथे हा शेवट रुचावा यात नवल नाही.

आता फाळक्यांकडे येऊ. जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. छायाचित्रण केले, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगही केले. त्यासाठी आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते. ही जादूगिरी पुढे फार कामास आली. १९१२ साली विलायतेला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि अंकुर कसा वाढतो त्याची थोडीथोडी चित्रे रोज घेत गेले. पडद्यावर ते रोप क्षणात वर चढताना दिसले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही करीत. ‘कालिया मर्दन’च्या वेळी नाशकात भागीदारीची हिंदुस्थान फिल्म कंपनी निघालेली होती, तेव्हा हातात पूर्वीपेक्षा थोडे बळ होते इतकेच.

त्या काळी चमत्कार कसे दाखवीत, हे शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना जरूर सांगावे. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. फिरवणे थांबवले, समोरच्या नटाला बाजूला केले आणि पुन्हा फिरवायला लागले, की पडद्यावर माणूस एकदम नाहीसा होतो. दुसरी युक्ती अशी. काळ्या पडद्यापुढे नटाला उभे करून चित्र घ्यायचे. काळ्या भागाचा ठसा फिल्मवर उमटत नाही, ती जागा कोरी राहते. मग तीच फिल्म मागे गुंडाळून दुसरे दृश्य तिच्यावर घ्यायचे, की दोन्ही एकात एक मिसळतात. फाळक्यांनी १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचे मस्तक धडावेगळे करून पुन्हा जाग्यावर आणून दाखवले, ते असल्याच करामतींच्या जोरावर. यात संगणक नव्हता. होता तो हिशेब आणि हाताचा सराव. कुठे चुकले तर सारी फिल्म वाया.

‘कालिया मर्दन’मध्ये कृष्णाचे काम केले फाळक्यांच्या सात वर्षांच्या मुलीने, मंदाकिनीने. चित्रपटाच्या आरंभी फाळके साप दाखवीत नाहीत, चमत्कार दाखवीत नाहीत. मंदाकिनीचा नुसता चेहरा दाखवतात. ती एकामागून एक भाव करून दाखवते, आणि या पोरीला काम येते अशी प्रेक्षकाची खात्री पटते. मग कृष्णाच्या खोड्या, सवंगडी, लोणी. आणि नंतर यमुनेत उडी.

पाण्याखाली झुंज चालते. आजच्या डोळ्याला तो साप बनवलेला आहे हे ताबडतोब कळते. पण फाळके आपल्याला तिथे फार वेळ बसू देत नाहीत. डोहातली झुंज थोडी दाखवतात आणि काठावर नेतात. तिथे गोकुळची माणसे आकांत करीत आहेत. पुन्हा डोह, पुन्हा काठ. काठावरच्या लोकांना खाली काय चालले आहे ते दिसत नाही, आपल्याला दिसते. तरी आपला जीव त्यांच्याबरोबर टांगलेला राहतो. आणि पाण्यातून फणीवर उभी राहिलेली ती इवलीशी मूर्ती वर येते तेव्हा साप कशाचा केला आहे, हे पाहायचे राहून जाते.

याच्या उलट उदाहरण आहे. १९२४ साली जर्मनीत फ्रिट्झ लँग याने ‘सिगफ्रीड’ काढला. बर्लिनजवळच्या मोठ्या स्टुडिओत प्रचंड यांत्रिक ड्रॅगन बनवला. आत बसलेली माणसे तो चालवीत. कारागिरी थोरच, त्यात शंका नाही. पण तो प्राणी बिचारा पाणी प्यायला आलेला असतो, आणि नायक त्याच्यावर तलवार घेऊन धावतो. काठावर रडणारे कोणी नाही, कोणाची विहीर नासलेली नाही. मला तर त्या ड्रॅगनचीच कीव येते. आपल्या दूरचित्रवाणीवरच्या शिकारपटांतही बहुधा हेच होते. प्राणी ठेवतात आणि गाव गाळतात. खरे तर गाव दाखवायला खर्च कमी!

शाळेच्या संमेलनात कालियाचा प्रवेश बसवणाऱ्या शिक्षकांना यातून एक सोय आहे. पुठ्ठ्याच्या फण्यावर आठ दिवस घालवू नका. साप निम्मा पडद्याआड राहू द्या, आणि काठावरची दहा पोरे उजेडात उभी करा. त्यांतल्या एकाची गाय मेलेली आहे, हे त्याला आधी नीट समजावून सांगा.

फाळक्यांचे पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. १९३१ साली बोलपट आला, त्यांची कला मूकपटाची. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो त्यांचा अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकात वारले. त्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा शिल्लक आहे, आणि मंदाकिनीचे ते आरंभीचे भाव आजही त्यात पाहायला मिळतात.