‘व्हिनेगर ज्यो’ची रोजनिशी

ज्या कागदांवर माणूस आपला संताप ओततो, ते कागद तो बहुधा फाडून टाकतो. निदान शहाणा माणूस तरी. अमेरिकेचे जनरल जोसेफ स्टिलवेल यांनीं ते जपून ठेवले. दुसऱ्या महायुद्धांत चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान या रणक्षेत्रांतील अमेरिकन सैन्याचे ते प्रमुख होते. त्या काळची त्यांची रोजनिशी आणि कॅलिफोर्नियांतील पत्नीस, विनिफ्रेडबाईंस, धाडलेलीं पत्रें त्यांच्या मृत्यूनंतर १९४८ सालीं ‘द स्टिलवेल पेपर्स’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. संपादक होते पत्रकार थिओडोर व्हाइट. आम्हीं हा ग्रंथ उघडला तो युद्धाची हकीकत वाचावी म्हणून. मिटल्यावर मनांत घोळत राहिली ती मात्र एक घरगुती गोष्ट.

स्टिलवेल मोठे तिखट जिभेचे. फोर्ट बेनिंगच्या लष्करी शाळेंत शिकवीत असतांना कोणीसें त्यांचें व्यंगचित्र काढलें. व्हिनेगरच्या बाटलींतून त्यांचें डोकें वर येत आहे असें. रागावणें दूरच, त्यांना तें इतकें आवडलें कीं त्यांनीं त्याच्या प्रती काढवून घेतल्या! ‘व्हिनेगर ज्यो’ हें नांव पुढें कायमचें चिकटलें. पण हा मनुष्य १९२० पासून पेकिंगला राहून चिनी भाषा शिकलेला. चिनी शिपायाच्या काटकपणावर त्यांची श्रद्धा होती. त्या शिपायाला उपाशी ठेवणाऱ्या वरिष्ठांवर तितकाच रोष.

१९४२ च्या मार्चांत ते ब्रह्मदेशांत आले आणि दोन महिन्यांत आघाडी कोसळली. विमानानें निघून जाण्याची सोय असतांना एकोणसाठ वर्षांचे हे गृहस्थ शंभरावर माणसें घेऊन अरण्यांतून पायीं निघाले. त्यांत डॉक्टर सीग्रेव्ह यांच्या ब्रह्मी परिचारिकाही होत्या. २० मे रोजीं इंफाळ गांठलें; वाटेंत एकही माणूस दगावला नाहीं. पुढें दिल्लीस वार्ताहरांना त्यांनीं सांगून टाकलें कीं, आपण सपाटून मार खाल्ला, ही नामुष्की आहे, कारण शोधून परत गेलें पाहिजे. हरलेल्या सेनापतीच्या तोंडीं इतकी सरळ भाषा क्वचितच ऐकूं येते. मग त्या वेळच्या बिहारांतील रामगड येथें चिनी पलटणींना शिक्षण देणें सुरू झालें.

चिआंग कै-शेक यांचे ते सेनाप्रमुखही होते, आणि रोजनिशींत त्याच चिआंगना त्यांनीं ‘शेंगदाणा’ म्हटलें आहे! इंग्रज सेनानींचीही तीच गत. १९ सप्टेंबर १९४४ रोजीं रूझवेल्ट यांचा कडक खलिता त्यांनीं स्वतः चिआंगच्या हातीं दिला आणि त्या आनंदांत पत्नीस पद्य रचून धाडलें. महिन्याभरांत त्यांनाच परत बोलावण्यांत आलें. हा पोरकटपणा आम्हांस खटकतो. त्याहून खटकतें तें मिचिनाचें प्रकरण: १९४४ च्या त्या वेढ्यांत ताप व अतिसार यांनीं खंगलेले अमेरिकन शिपाई इस्पितळांतून उठवून पुन्हा आघाडीवर पाठविण्यांत आले. पत्रांतला मायाळू पति आणि हा सेनापति एकच, हें वाचतांना मन कबूल होत नाहीं.

स्टिलवेल १२ ऑक्टोबर १९४६ रोजीं वारले. आतां विनिफ्रेडबाईंनीं काय करावें? आपल्याकडे जुनीं पत्रें तारेला ओंवून ठेवीत. कर्ता पुरुष गेल्यावर ती तार उतरवावी कीं नाहीं, यावर एकाच घरांत दोन मतें पडलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. इथें तर चिआंग हयात होते, चीनमध्यें यादवी पेटली होती, आणि कागदांवरची भाषा चारचौघांत वाचण्याजोगी नव्हती. बाईंनीं ते कागद छापूं दिले. पतीची शोभा त्यानें वाढली असें नव्हे. ग्रंथांत एकच बाजू आहे, हाही आक्षेप खरा. तरीही आम्हांस त्यांचा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचें कारण त्यांच्या घरींच घडलेलें आहे.

१९४४ च्या नोव्हेंबरांत स्टिलवेल मायदेशीं परतले, तेव्हां स्वागताचा गाजावाजा नव्हता. वृत्तपत्रांशीं एक अक्षरही बोलूं नये, असा वरून हुकूम होता. ज्यांची जीभ जगजाहीर, त्यांनीं तो शिपायाच्या शिस्तीनें पाळला आणि ते कार्मेलच्या आपल्या घरीं गप्प बसले. रोजनिशीच्या वह्या तेवढ्या बरोबर आल्या होत्या.