सल्लागारांची यादी आणि मतभेदाचे पान

आंतरराष्ट्रीय घडामोडींवर नियतकालिके, पुस्तिका, नभोवाणीचे कार्यक्रम चालवणाऱ्या आणि नफा न कमावणाऱ्या संस्थांना आता शंभर वर्षे उलटून गेली. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये चॅटम हाउस आणि न्यूयॉर्कमध्ये कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स कसे उभे राहिले, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना पुन्हा सांगत बसण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो या संस्थांना सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांचा. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे लेखन होते. एका बाजूला कौतुक : कोण माजी राजदूत, कोण प्राध्यापक, कोणाची नेमणूक कुठे झाली. दुसऱ्या बाजूला संशय : हे सगळे सरकारचे किंवा देणगीदारांचे हस्तक. गेली अनेक वर्षे मी या दोन्हींच्या विरोधात लिहीत आलो आहे, कारण दोन्ही पक्ष माणसाची कुंडली पाहतात आणि त्याने चालवलेले पान पाहतच नाहीत. तज्ज्ञ सरकारच्या किती जवळचा होता, यावरून अशा माध्यमाची किंमत ठरत नाही. त्या तज्ज्ञाला चूक ठरवणाऱ्याला त्याच पानांवर, त्याच टायपात जागा मिळत होती की नाही, यावरून ती ठरते. शंभर वर्षांचा पुरावा हेच सांगतो, असे माझे ठाम मत आहे.

कौन्सिलच्या 'फॉरिन अफेअर्स' या त्रैमासिकावर फार रेंगाळत नाही, त्याच्यावर पुरेसे लिहून झाले आहे. १९२२ साली ते निघाले आणि हॅमिल्टन फिश आर्मस्ट्राँग यांनी दीर्घकाळ ते सांभाळले. त्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला लेख म्हणजे जुलै १९४७चा, 'एक्स' या सहीने छापलेला, सोव्हिएत वर्तनाची मुळे शोधणारा. लेखक जॉर्ज केनन त्या वेळी परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागाचे प्रमुख होते. लेखाचे वैभव सगळे गातात. मला मात्र त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. सरकारात बसलेल्या माणसाने नाव झाकून लिहिले, त्यामुळे लेखात सुचवलेले सोव्हिएत संघाला 'रोखून धरणे' म्हणजे नेमके काय, लष्करी की राजकीय, हे त्याला उघडपणे विचारण्याची सोय उरली नाही. वॉल्टर लिपमन यांनी लेखमाला लिहून त्याचा खरपूस समाचार घेतला, पण तो 'हेरल्ड ट्रिब्यून' या दैनिकात. पुढे केनन यांनीच आठवणींत लिहिले की आपला अर्थ चुकीचा घेतला गेला, आपल्याला मुख्यतः राजकीय प्रतिबंध अभिप्रेत होता. लिपमन यांची हरकत आणि केनन यांचे उत्तर त्रैमासिकाच्या त्याच वर्षीच्या अंकांत समोरासमोर आले असते, तर शीतयुद्ध टळले असते असे मी म्हणत नाही. पण एका शब्दाच्या धूसरपणावर दोन दशके धोरण उभे राहिले, ते इतके बिनविरोध उभे राहिले नसते.

याच न्यूयॉर्कमध्ये दुसरी एक परंपरा होती आणि तिच्याकडे आपल्या अभ्यासकांनी अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. १९१८ साली विल्सन यांच्या राष्ट्रसंघाच्या कल्पनेला पाठिंबा देण्यासाठी काही मंडळी एकत्र आली आणि त्यांची संस्था पुढे फॉरिन पॉलिसी असोसिएशन झाली. कौन्सिलचा वाचक बँकर, वकील आणि मुत्सद्दी होता, तर असोसिएशनचा वाचक शाळामास्तर, ग्रंथपाल आणि गृहिणी. तिच्या दुपारच्या भोजनसभांत एका विषयावर परस्परविरोधी वक्ते बोलवत आणि ते वाद नभोवाणीवरून लोकांपर्यंत जात. या संस्थेचा कणा म्हणजे व्हेरा मिशेल्स डीन. सेंट पीटर्सबर्गला १९०३ साली जन्मलेल्या, रॅडक्लिफमध्ये डॉक्टरेट केलेल्या या बाईंनी १९२८पासून तीन दशकांहून अधिक काळ असोसिएशनचे संशोधन आणि प्रकाशने सांभाळली. 'हेडलाइन' मालेतल्या छोट्या पुस्तिका, भाषा सोपी, नकाशे स्वच्छ, शेवटी चर्चेसाठी प्रश्न. १९५९ साली त्यांनी भारतीय लोकशाहीवर पुस्तक लिहिले, तेही त्याच समजूतदार शैलीत. १९५४ साली सुरू झालेला 'ग्रेट डिसिजन्स' हा उपक्रम याच परंपरेचे फळ. वर्षाला आठ विषय, गावोगावी वाचकगट, आणि वाचन झाल्यावर मतपत्रिका. तज्ज्ञाने मांडणी करायची, पर्याय समोर ठेवायचे आणि निर्णय वाचकावर सोपवायचा. तज्ज्ञाला याहून सन्मानाची जागा कोणती असू शकते? आपल्याकडचे काही विद्वान या पुस्तिकांना 'शालेय' म्हणून नाक मुरडतात. ज्यांना परराष्ट्र धोरण शंभर माणसांचा खासगी विषय राहावा असे वाटते, त्यांना हे शालेय वाटणारच.

पण माझ्या मते या शतकभराच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रयोग आणि सर्वांत मोठा अन्याय एकाच संस्थेच्या नावावर आहे : इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स. १९२५ साली होनोलुलूमध्ये ती स्थापन झाली. वेगवेगळ्या देशांत तिच्या राष्ट्रीय शाखा होत्या, अमेरिकेची, जपानची, चीनची, ब्रिटनची, पुढे सोव्हिएत संघाचीही. पैसा मुख्यतः रॉकफेलर आणि कार्नेगी यांच्या निधींतून येई. 'पॅसिफिक अफेअर्स' हे तिचे त्रैमासिक १९३४ ते १९४१ या काळात ओवेन लॅटिमोर यांनी संपादित केले. मंगोलिया आणि चीनच्या सीमाप्रदेशाचा हा अफाट जाणकार. लॅटिमोर यांचे धोरण असे, की सर्व शाखांना पटेल ते छापायचे ठरवले तर छापण्यासारखे काहीच उरणार नाही. म्हणून त्यांनी वादग्रस्त लेख छापले आणि नाराज शाखेला उत्तर द्यायला जागा दिली. सोव्हिएत शाखा चिडली. चीन-जपान युद्धावर संस्थेने अभ्यासग्रंथांची माला काढली, तेव्हा जपानी शाखा चिडली आणि १९३९च्या व्हर्जिनिया बीचच्या परिषदेला आलीच नाही. लढणाऱ्या दोन देशांचे अभ्यासक एका नियतकालिकाचे सल्लागार असावेत, हे तेव्हाही अवघड होते आणि आज तर कुणी कल्पनाही करत नाही. महायुद्धात याच संस्थेच्या अमेरिकन शाखेच्या पुस्तिका लष्कराने मोठ्या संख्येने विकत घेऊन सैनिकांना वाटल्या. आशियात लढायला निघालेल्या आयोवाच्या शेतकऱ्याच्या पोराला आशिया म्हणजे काय हे सांगणारे दुसरे कुणी अमेरिकेत जवळजवळ नव्हतेच.

१९४९ साली चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला आणि अमेरिकेला दोषी हवा होता. मार्च १९५०मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी लॅटिमोर यांना सोव्हिएत हेर ठरवले. फेब्रुवारी १९५१मध्ये सिनेटर मॅकॅरन यांच्या उपसमितीने संस्थेचे जुने दप्तर मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतघरातून जप्त केले. पुढची सुनावणी जवळजवळ वर्षभर चालली. डिसेंबर १९५२मध्ये लॅटिमोर यांच्यावर खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेला, १९५५ साली तो मागे घ्यावा लागला. पण त्याच वर्षी सरकारने संस्थेची करसवलत काढून घेतली. नफा न कमावणाऱ्या संस्थेचा गळा आवळायचा असेल तर बंदी घालावी लागत नाही, हे तिथे पहिल्यांदा लख्ख दिसले. देणगीदारांनी हात आखडता घेतला, न्यायालयात दाद मागेपर्यंत बळ संपले आणि १९६० साली संस्था विसर्जित झाली. त्रैमासिक विल्यम हॉलंड यांनी कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नेऊन वाचवले.

यावर ठरलेला आक्षेप असा : संस्थेत कम्युनिस्ट होतेच ना? होते. अमेरिकन शाखेचे एकेकाळचे सचिव फ्रेडरिक व्हँडरबिल्ट फील्ड हे कम्युनिस्ट होते आणि त्यांनी स्वतः ते पुढे सांगितले. लॅटिमोर यांनी १९३८ साली मॉस्कोच्या खटल्यांची केलेली भलामण आज वाचवत नाही, इतकी चुकीची आहे. पण ही भलामण आपल्याला ठाऊक कशी झाली? विल्यम हेन्री चेंबरलिन यांचे त्या खटल्यांवरचे टीकापत्र 'पॅसिफिक अफेअर्स'नेच छापले आणि लॅटिमोर यांचे मत त्याला दिलेल्या उत्तरात आले. चूक आणि चुकीवरचा घाव एकाच अंकात शेजारी शेजारी होते. ज्याला संस्थेचा कावेबाजपणा म्हणायचा, त्याचा सगळ्यांत मोठा पुरावा संस्थेच्या छापील पानांवरच खुला पडलेला होता. गुप्त कारस्थान असे चालत नाही. आणि या संस्थेला, तिच्या वर्तुळातल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना गप्प केल्याची किंमत काय पडली, हे व्हिएतनाम युद्धाचे सूत्रधार रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात कबूल केले आहे. पूर्व आशियाचे जाणकार अधिकारी पन्नासच्या दशकात हाकलले गेल्यामुळे निर्णय घेताना आपल्याजवळ सल्ला द्यायला कुणी नव्हते, असे त्यांचे म्हणणे. तोवर व्हिएतनाममध्ये लक्षावधी माणसे मेली होती.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे 'एन्काउंटर'. १९५३ साली लंडनमध्ये निघालेले, देखणे, उत्तम लेखकांचे मासिक. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम ही संस्था त्याच्या मागे होती आणि त्या संस्थेच्या मागे अमेरिकेची गुप्तहेर यंत्रणा. १९६६-६७ साली हे उघड झाले, संपादक स्टीफन स्पेंडर यांनी राजीनामा दिला. त्याच काँग्रेसच्या मदतीने १९५५पासून मुंबईत 'क्वेस्ट' निघत होते, निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. 'क्वेस्ट'मधले सगळे लेखन विकत घेतलेले होते, असे म्हणणारे आजही भेटतात. मला तो आरोप सरसकट मान्य नाही, कारण त्याच्या पानांवर खरे मतभेद आहेत. 'एन्काउंटर'ची गोष्ट वेगळी. ज्या एका विषयावर मतभेद सर्वांत महत्त्वाचा होता, म्हणजे पैसे कुणाचे, तोच विषय वाचकांपासून आणि बहुतेक लेखकांपासूनही लपवलेला होता.

आपल्या देशातली कथा थोडक्यात सांगतो, कारण ती दुःखदायक आहे. १९४३ साली स्थापन झालेल्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सने १९४७ साली दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरवली, १९५० साली लखनौमध्ये पॅसिफिक संस्थेची परिषद घेतली, 'इंडिया क्वार्टर्ली' चालवले. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष पंडित हृदयनाथ कुंझरू या कौन्सिलचेही दीर्घकाळ अध्यक्ष होते. गोखल्यांच्या शिस्तीतला माणूस. संरक्षणाच्या प्रश्नांवर राज्यसभेत सरकारला धारेवर धरायचे आणि कौन्सिलच्या इमारतीत, सप्रू हाउसमध्ये, अभ्यासाला निर्धास्त जागा द्यायची, ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करत होती. सरकारशी बोलणारी पण सरकारची नसलेली संस्था आपल्याकडेही होऊ शकते, याचा तो पुरावा होता. पुढे अंतर्गत भांडणे आणि दुरवस्था वाढली, हे खरे. पण २००१च्या कायद्याने ती सरकारच्या छत्राखाली गेली आणि उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. इमारत नीट झाली, ग्रंथालय सुधारले. सरकारला चूक म्हणणारा अध्यक्ष मात्र कायद्यानेच अशक्य झाला.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो गंभीर आहे. तज्ज्ञ चुकतातच, मग त्यांचा सल्ला हवाच कशाला? फिलिप टेटलॉक यांनी वीस वर्षे २८४ तज्ज्ञांची हजारो भाकिते तपासून २००५ साली निष्कर्ष काढला, की त्यांची कामगिरी साध्या ठोकताळ्यांहून फारशी सरस नव्हती. हा दाखला देणारे पुढचा भाग गाळतात. एकाच मोठ्या सिद्धान्तावर बसलेले तज्ज्ञ अधिक चुकले, अनेक बाजूंनी विचार करणारे कमी चुकले, आणि ज्यांना माध्यमांत अधिक मागणी, त्यांची भाकिते अधिक वाईट. दोष ज्ञानाचा नाही, निवडीचा आहे. इराक युद्धापूर्वी, सप्टेंबर २००२मध्ये, आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या ३३ अभ्यासकांना युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही हे सांगण्यासाठी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पैसे भरून जाहिरात द्यावी लागली. त्याच वेळी दूरचित्रवाणीवर बोलणारे निवृत्त लष्करी अधिकारी संरक्षण खात्याकडून मुद्दे घेत होते, हे त्याच दैनिकाने २००८ साली उघड केले. जानेवारी २००३मध्ये मिअरशायमर आणि वॉल्ट यांचा युद्धविरोधी लेख छापला तो 'फॉरिन पॉलिसी'ने, जे तेव्हा कार्नेगी एन्डाउमेंट या ना-नफा संस्थेचे होते. तज्ज्ञ बरोबर होते. त्यांना जागा देणारे थोडे होते.

आज सल्लागार मंडळे पूर्वीपेक्षा लांबलचक झाली आहेत आणि पूर्वीपेक्षा मुकी. नावांची यादी शोभेला, सल्ला कुठे दिसत नाही. २०१४ साली परदेशी सरकारांकडून वॉशिंग्टनच्या अभ्याससंस्थांना मिळणाऱ्या पैशाचे वृत्त आले. एकट्या कतारने ब्रुकिंग्जला चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर देऊ केले होते. आपल्याकडची स्थिती अधिक चांगली आहे असे समजण्याचे कारण नाही. निवृत्त राजदूत, सेनाधिकारी, प्राध्यापक आता मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर भरपूर दिसतात आणि त्यांच्यातले काही फार उत्तम लिहितात. त्यांना आणि त्यांच्या संपादकांना माझी विनंती आहे. लेखाखाली एक ओळ छापा : लेखक कोणत्या संस्थेचे सल्लागार आहेत आणि त्या संस्थेला पैसा कुठून येतो. आणि ज्याला तुमचे म्हणणे पूर्ण चूक वाटते, अशा जाणकाराला पुढच्याच अंकात तेवढीच जागा द्या. वाचकांनीही हे मागावे, पत्र लिहून मागावे.